शंभर गाड्या, दोनशे दोन तक्रारी

मोटारीची विश्वासार्हता शोरूममध्ये दिसत नाही. रंग, आसने, डिकीची जागा, इंजिनाचा जोर हे सगळे अर्ध्या तासात पाहून होते. पण हीच गाडी तिसऱ्या पावसाळ्यात पहाटे एका चावीत सुरू होईल का, हे तो पावसाळा आल्यावरच कळते. ज्यांचा तो पावसाळा आधीच उलटला आहे, अशा मालकांना विचारणे हाच त्यावर उपाय. मात्र एकाला विचारून भागत नाही. शेजाऱ्याच्या गाडीचा गिअरबॉक्स गेला म्हणून ते सबंध मॉडेल वाईट ठरत नाही, आणि मामांच्या गाडीने दहा वर्षांत एकदाही दगा दिला नाही म्हणून ते चांगलेही ठरत नाही. विचारायचे ते शेकड्यांनी, आणि सगळ्यांना एकच प्रश्न.

या विचारण्याला शिस्त लागली ती अमेरिकेत. १९३६ साली तिथे कन्झ्युमर्स युनियन ही ग्राहकांची संस्था स्थापन झाली. तिचे ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ हे मासिक जाहिराती घेत नाही. चाचणीसाठी लागणारी गाडीही ती कंपनीकडून मागवत नाही. संस्थेचा माणूस ओळख न देता डीलरकडे जातो, पूर्ण पैसे मोजतो आणि गाडी घेऊन येतो. कनेटिकट राज्यातल्या संस्थेच्या चाचणी-मैदानावर ती पळवून, करकचून ब्रेक मारून, वळणांवर टाकून पाहिली जाते. या तपासणीतून नवी गाडी कळते. जुनी होत गेल्यावर ती कशी वागेल, ते कळत नाही. ही उणीव वर्गणीदारांनी भरून काढली. १९५० च्या दशकापासून मासिक त्यांच्याकडून दुरुस्त्यांची माहिती मागवू लागले आणि त्यातून मॉडेलवार, वर्षवार तक्ते तयार होऊ लागले. गेल्या काही वर्षांत या पाहणीत दरवर्षी सुमारे तीन लाख गाड्यांची माहिती गोळा होते.

प्रश्न नेमका कसा विचारला जातो, याला फार महत्त्व आहे. ‘गाडी कशी आहे?’ असे विचारले की ‘छान आहे’ असेच उत्तर येते. म्हणून प्रश्न बांधलेला असतो: गेल्या बारा महिन्यांत गाडीत असा कोणता बिघाड झाला, जो खर्चामुळे, गाडी बंद पडल्यामुळे, सुरक्षिततेमुळे किंवा गाडी गॅरेजमध्ये अडकून पडल्यामुळे तुम्हाला गंभीर वाटला? मग इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, विजेची यंत्रणा, एसी असे भाग एकेक करून समोर ठेवले जातात. बारा महिन्यांची मर्यादा माणसाच्या आठवणीसाठी आहे. क्लच प्लेट मागच्या दिवाळीच्या आधी बदलली की नंतर, इतपत सांगता येते. पाच वर्षांमागचे सांगताना वर्षांची सरमिसळ होते.

दुसरी परंपरा धंद्यातून आली. जेम्स डेव्हिड पॉवर यांनी १९६८ साली कॅलिफोर्नियात आपली सर्वेक्षण कंपनी काढली. सुरुवातीचा कारभार घरातूनच चाले. माझ्दाचे रोटरी इंजिन तेव्हा नवे होते. त्या गाड्यांच्या मालकांकडून आलेली उत्तरे मोजताना पॉवर यांच्या पत्नी जूली यांना एकच तक्रार पुन्हा पुन्हा दिसू लागली: इंजिनातली ओ-रिंग, म्हणजे शीतकद्रव अडवून धरणारी रबरी कडी, निकामी होत होती. कडी पैशाला पासरी, पण ती गेली की इंजिनाचे मोठे काम निघे. एकेका मालकाला ते आपले दुर्दैव वाटत होते. कागद एकत्र मोजल्यावर तो आराखड्यातला दोष ठरला. १९७३ साली ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये ही बातमी आली आणि पॉवर यांचे नाव मोटार उद्योगात सर्वतोमुखी झाले. मालकांच्या उत्तरांचे मोल इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा प्रसंग सापडणे कठीण.

पॉवर यांच्या कंपनीचे परिमाण म्हणजे दर शंभर गाड्यांमागे तक्रारी किती. तीन वर्षे वापरलेल्या गाड्यांच्या मूळ मालकांना गेल्या बारा महिन्यांतल्या अडचणी विचारल्या जातात. २०२५ च्या अमेरिकी पाहणीत सरासरी २०२ आली, म्हणजे प्रत्येक गाडीमागे दोन तक्रारी. सर्वांत कमी, १४०, लेक्ससच्या. हा आकडा वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. इथे गिअरबॉक्स फुटणे ही एक तक्रार, आणि फोन गाडीच्या पडद्याला न जुळणे हीदेखील एकच. त्या वर्षी सर्वाधिक नोंदली गेलेली तक्रार फोन जोडणीचीच होती. २०११ साली, नव्या गाडीच्या पहिल्या नव्वद दिवसांच्या पाहणीत, फोर्ड पाचव्या क्रमांकावरून थेट तेविसाव्या क्रमांकावर घसरली. त्यामागचे एक मोठे कारण नवी स्पर्शपडद्याची यंत्रणा हे होते. कन्झ्युमर रिपोर्ट्स मात्र इंजिन-गिअरबॉक्सच्या बिघाडाला जास्त वजन देते. रस्त्याकडेला उभी राहिलेली गाडी आणि अडकलेला पडदा यांना एकाच तराजूत तोलू नये, हा तिचा निवाडा अधिक योग्य वाटतो.

समाधान आणि विश्वासार्हता यांची गल्लत तर नेहमीच होते. २०१५ साल या बाबतीत बोलके आहे. त्या ऑगस्टमध्ये टेस्लाच्या मॉडेल एस या गाडीच्या एका आवृत्तीला कन्झ्युमर रिपोर्ट्सच्या चाचणीत शंभरपैकी १०३ गुण पडले. गुण देण्याची पद्धतच बदलावी लागली. ऑक्टोबरमध्ये त्याच मॉडेलच्या सुमारे १,४०० मालकांची उत्तरे हाती आली. दाराच्या कड्या, मोटर, पडदा, खडखडाट अशा तक्रारी इतक्या होत्या की संस्थेने आपली शिफारस मागे घेतली आणि कंपनीचा शेअर त्या दिवशी घसरला. तरीही त्याच पाहणीत ९७ टक्के मालक म्हणत होते की पुन्हा घ्यायची वेळ आली तर हीच गाडी घेऊ. तज्ज्ञांची पसंती, मालकाचे प्रेम आणि गॅरेजच्या खेपा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. विकत घेणाऱ्याला तिन्ही हव्यात, पण सुट्या सुट्या.

आकड्यांची मर्यादाही जाणून घ्यावी लागते. समजा, एका मॉडेलच्या २०० मालकांनी उत्तर दिले आणि दहा जणांच्या गाडीत मोठा बिघाड निघाला. प्रमाण झाले पाच टक्के. पण नमुना एवढाच असेल तर खरे प्रमाण साधारण दोन ते आठ टक्क्यांत कुठेही असू शकते. शेजारच्या मॉडेलचे सात टक्के पाहून ते वाईट ठरवले, तर तो निव्वळ योगायोगावरचा निकाल ठरेल. शिवाय पोळलेला मालक फॉर्म तत्परतेने भरतो. सुखाने गाडी चालवणारा तो बाजूला ठेवतो. आठवणीवर विसंबायचेच नसेल तर जर्मनीतल्या एडीएसी या मोटारचालक संघाची पद्धत आहे. रस्त्यात अडकलेल्या सभासदाकडे संघाची पिवळी गाडी जाते आणि कारागीर बिघाड तिथेच नोंदवतो. १९७८ पासून या नोंदींची आकडेवारी प्रसिद्ध होते. अलीकडच्या वर्षांत त्यातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक खेपा साध्या बारा व्होल्टच्या बॅटरीपायी झालेल्या आहेत.

गाडीवरचे नाव मालकाच्या मतावर किती परिणाम करते, हे कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या कारखान्याने दाखवून दिले. जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी तो १९८४ पासून मिळून चालवला. तिथे टोयोटा कोरोला आणि जिओ प्रिझम या जवळजवळ जुळ्या गाड्या तेच कामगार बनवत. तरीही सेकंड हँड बाजारात प्रिझमची किंमत लवकर उतरे, कारण लोकांच्या मनात पत होती ती टोयोटाची. आपल्याकडे २०१९ पासून मारुती बलेनो आणि टोयोटा ग्लान्झा अशीच जोडी आहे. दोन्ही बनवते मारुती सुझुकीच.

इथून विषय खर्चाकडे वळतो, कारण पत उतरली की घसारा वाढतो. अमेरिकेतली एएए ही मोटारचालकांची संघटना १९५० पासून गाडी बाळगण्याचा खर्च काढते. तिच्या २०२४ च्या हिशेबात नवी गाडी वर्षाला १५,००० मैल चालवण्याचा खर्च १२,२९७ डॉलर आला, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा घसाऱ्याचा होता. इंधन त्याच्या मागे. पंपावर दिलेले पैसे खिशाला लगेच जाणवतात. घसाऱ्याची पावती कुणी देत नाही. गाडी विकायला काढल्यावर तो एकदम समोर येतो. त्यामुळे मालक सांगतात त्या ‘महिन्याच्या खर्चा’त बहुधा पेट्रोल, सर्व्हिसिंग आणि विम्याचा हप्ता एवढेच असते.

भारतात चर्चा ॲव्हरेजवर येऊन थांबते. कंपनी सांगते तो आकडा प्रमाणित चाचणीतला, म्हणजे पुण्याच्या एआरएआयसारख्या प्रयोगशाळेत गाडीची चाके रोलरवर फिरवून, ठरलेल्या वेगक्रमाने काढलेला असतो. तिथे ना खंबाटकीचा घाट, ना सिग्नलची रांग. मालकाला स्वतःचा आकडा काढायचा तर टाकी फुल ते फुल ही पद्धत बरी. नोझलचा ऑटोकट पडेपर्यंत पेट्रोल भरायचे, किलोमीटरचा आकडा लिहायचा, नेहमीसारखी गाडी चालवायची आणि शक्यतो त्याच पंपावर पुन्हा ऑटोकटपर्यंत भरायचे. मधले अंतर ५६१ किलोमीटर आणि दुसऱ्यांदा भरलेले पेट्रोल ३८.४ लिटर, तर ॲव्हरेज १४.६. एका खेपेवर विसंबू नये, कारण ऑटोकट दर वेळी नेमका त्याच पातळीला पडत नाही. चार-पाच टाक्यांची बेरीज धरली की तो फरक विरून जातो.

गाडी दुसऱ्याच्या हाती जाताना लेखी नोंदींची खरी किंमत कळते. आपल्याकडे नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात. अमेरिकी बोलीत लिंबू म्हणजे सतत बिघडणारी गाडी. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली याच लिंबांवर निबंध लिहिला. विकणाऱ्याला गाडीचे गुणदोष ठाऊक आणि घेणाऱ्याला नाहीत, अशा बाजारात घेणारा सरासरी भाव देतो; त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही आणि बाजारात लिंबेच उरतात. या विचारासाठी त्यांना २००१ साली अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. नव्या गाडीत लिंबू पदरी पडलेल्या ग्राहकासाठी कनेटिकटने १९८२ साली पहिला कायदा केला. जुन्या गाडीच्या गिऱ्हाइकाचा मोठा आधार म्हणजे सर्व्हिसिंगच्या नोंदी. प्रत्येक खेपेला तारीख, किलोमीटर आणि केलेले काम लिहिले जाते. दोन वर्षांपूर्वीच्या जॉब कार्डावर ६८,००० किलोमीटर असतील आणि आज मीटर ४२,००० दाखवत असेल, तर मीटर मागे फिरवला आहे हे तिथेच उघड होते.