काकेगावाचा हिरवा चहा आणि तुमची गोळी

जपानच्या शिझुओका प्रांतातील काकेगावा हे छोटे शहर हिरव्या चहासाठी प्रसिद्ध आहे. तेथील शेतकरी डोंगरउतारावरचे गवत कापून, वाळवून चहाच्या ओळींमध्ये अंथरतात. या पद्धतीला २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक कृषी वारसा म्हणून मान्यता दिली.

तेथील पाने नेहमीपेक्षा दुप्पट-तिप्पट वेळ वाफवतात. ती मऊ होऊन चुरतात आणि चहा गाळला तरी बारीक चुरा पेल्यात उतरतो. रंग गर्द, चव सौम्य. मला ती आवडते. परंतु अर्काबरोबर थोडे पानही पोटात जाते आणि पानात ‘के’ जीवनसत्त्व असते. वॉरफेरिन नेमके त्याच्याच विरुद्ध काम करते.

घरातील ज्येष्ठांना ही गोळी चालू असेल, तर भेट आलेला असा चहा, विशेषतः माचाची पूड, डॉक्टरांना विचारल्याविना सुरू करू नका. रोजची सवय असल्यास प्रमाण एकाएकी बदलू नका. आयएनआर तपासून घ्या. रुग्ण औषधांची यादी दाखवतात, चहाचा उल्लेख मात्र राहून जातो. गोळी स्वतःहून बंद करणे तर सर्वांत धोक्याचे.

लोहाच्या गोळीबरोबरही चहा नको, मध्ये दोन तास जाऊ द्यावेत. आणि झोप उणावली असेल, तर दुपारनंतरचा पेला टाळावा.