आभाळाचा नकाशा फिरला तर

मोबाईलमध्ये आभाळाचा नकाशा मिळतो. स्काय मॅप, स्टेलॅरियम अशी त्याची नावे. मोबाईल ताऱ्यासमोर धरावा, की पडद्यावर त्या ताऱ्याचे नाव उमटते. पोरांना मोठी गंमत वाटते. म्हाताऱ्यांनाही वाटते.

पण कधी कधी हा नकाशा भलतेच दाखवतो. मृग उगवतो पूर्वेला आणि पडद्यावर दिसतो दक्षिणेला. मग नात म्हणते, "आजोबा, तुमचं चुकलं. मोबाईलमध्ये बघा की!" रात्रीचे पाणी धरताना मृग-कृत्तिका बघून वेळ ओळखणारा माणूस, पण तोही वरमतो. वरमायचे काय कारण? अशा वेळी बहुधा नकाशाच फिरलेला असतो.

तो का फिरतो? मोबाईलच्या पोटात एक बारीक होकायंत्र असते. पृथ्वीच्या चुंबकत्वावरून ते उत्तर दिशा ओळखते. हे चुंबकत्व फार मंद असते. जवळ लोखंड किंवा चुंबक आला, की होकायंत्र फसते. ट्रॅक्टरला टेकून उभे राहिलात, लोखंडी खाटेवर पडून पाहिलेत, की नकाशा फिरलाच म्हणून समजा. काही मोबाईलच्या पाकिटाला झाकण मिटायला चुंबक असतो. हा तर घरचाच चोर! आधी पाकीट काढा. मोकळ्या जागी या. मग मोबाईल हातात धरून हवेत चार-पाच वेळा फिरवा. कसा? एकमेकांना चिकटलेली दोन वाटोळी काढावीत, तसा. होकायंत्र पुन्हा जागेवर येते.

तरी चूक राहिली, तर घड्याळ बघा. आभाळ तासाला १५ अंश सरकते. मोबाईलचे घड्याळ तासभर चुकले, तर तारेही तेवढेच चुकणार. गावही बघा. मोबाईलला आपले ठिकाण कळले नसेल, तर तो दुसऱ्याच गावचे आभाळ दाखवतो. ठिकाण कळण्याची परवानगी द्या, नाहीतर गावाचे नाव स्वतः लिहा.

आता खरे-खोटे कसे करावे? ध्रुवाला विचारा. वैशाखात संध्याकाळी सप्तर्षी छान दिसतात. त्यांच्या बाजेचे, शेपटीपासून लांबचे दोन तारे घ्या. त्यांना जोडणारी रेघ खाली, उत्तर क्षितिजाच्या बाजूला न्या. दोघांतल्या अंतराच्या पाचपट गेलात, की ध्रुव सापडतो. पुण्याला तो क्षितिजापासून सुमारे साडेअठरा अंश वर असतो, नागपूरला २१ अंश. हात लांब करून मूठ धरली, की एका मुठीचे १० अंश होतात. म्हणजे दोन मुठींच्या आसपास. लंडनमध्ये हाच ध्रुव ५१ अंशांवर, पाच मुठी वर असतो. तुमच्या मोबाईलने ध्रुव इतका उंच नेला, तर ओळखा, स्वारी परदेशी गेली आहे!

पडदा सगळा तांबडा झाला, तर तो बिघाड नव्हे. ती रात्रीची सोय आहे. पांढऱ्या उजेडाने डोळे दिपतात, आणि अंधाराला पुन्हा सरावायला अर्धा तास लागतो. तांबड्या मंद उजेडाने तसे होत नाही. पायाखाली तारे दिसले, तरी घाबरू नका. ते मावळलेले किंवा अजून न उगवलेले तारे.

काही स्वस्त मोबाईलमध्ये होकायंत्रच नसते. तिथे नकाशा आपोआप फिरत नाही, कितीही हलवा. तो बोटाने सरकवावा आणि उत्तर कुठे ते आपणच त्याला दाखवावे.