जो लुईला कितवा क्रमांक द्यावा?

मुष्टियुद्धाचा विषय निघाला की आपल्या वस्तीतल्या तरुणांच्या तोंडी दोनच नावे येतात. एक मोहम्मद अली आणि दुसरे माईक टायसन. हे प्रेम योग्यच आहे. परंतु या दोघांसाठी ज्याने वाट मोकळी केली, तो जो लुई आपल्या मुलांना फारसा ठाऊक नाही. हेवीवेट गटातील आजवरच्या योद्ध्यांची यादी करताना लुईला कितवा क्रमांक द्यावा, यावर जाणकारांत आजही वाद होतो. कोणी त्याला पहिला मानतो, तर कोणी बराच खाली ढकलतो. आपण हा हिशेब भावनेने न मांडता पुराव्याने मांडून पाहू.

जोसेफ लुई बॅरो याचा जन्म १३ मे १९१४ रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात झाला. घराणे गुलामांच्या वंशातले, पोट दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने राबून भरायचे. १९२६ साली हे कुटुंब डेट्रॉइट शहरात आले. तिथे लुईने फोर्ड मोटारीच्या कारखान्यात मजुरी केली आणि फावल्या वेळात ठोसे शिकला.

त्या काळी कृष्णवर्णीय योद्ध्याला जगज्जेतेपदाच्या लढतीत उभे राहणे किती कठीण होते, हे आधी समजून घेतले पाहिजे. जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता. १९०८ ते १९१५ पर्यंत किताब त्याच्याकडे होता. गोऱ्या समाजाला ते इतके झोंबले, की जॉन्सन हरल्यानंतर तब्बल २२ वर्षे एकाही कृष्णवर्णीयाला किताबासाठी लढू दिले नाही. हॅरी विल्ससारखा तगडा योद्धा वाट पाहून थकला, पण त्याला संधी मिळाली नाही. ते बंद दार लुईने उघडले. त्यासाठी त्याच्या व्यवस्थापकांनी त्याला नियम घालून दिले होते. प्रतिस्पर्धी कोसळला तर हसायचे नाही, गोऱ्या स्त्रीबरोबर छायाचित्र काढायचे नाही. आज हे ऐकून राग येतो. पण लुईला एकाच वेळी दोन लढती लढाव्या लागत होत्या, एक रिंगणात आणि एक रिंगणाबाहेर, हे त्यावरून कळते.

आता आकडे पाहू. २२ जून १९३७ रोजी शिकागो येथे जेम्स ब्रॅडॉकला आठव्या फेरीत लोळवून लुई जगज्जेता झाला. १ मार्च १९४९ रोजी निवृत्ती जाहीर करीपर्यंत, म्हणजे ११ वर्षे ८ महिने, किताब त्याच्याकडेच राहिला. या काळात त्याने २५ वेळा किताब राखला. त्यातल्या फक्त तीन लढती गुणांवर गेल्या. हेवीवेट गटातला हा विक्रम आजही कोणी मोडलेला नाही. लॅरी होम्स २० पर्यंत पोहोचून थांबला. रॉकी मार्सियानो एकदाही हरला नाही हे खरे, पण त्याने किताब सहा वेळाच राखला.

यावर टीकाकार म्हणतात, लुईचे प्रतिस्पर्धी दुबळे होते. डिसेंबर १९४० ते जून १९४१ या सात महिन्यांत लुई दरमहा एक अशा सात लढती लढला. त्यातले काही प्रतिस्पर्धी सामान्य होते, हे नाकारून चालणार नाही. पण त्याच मालिकेतल्या शेवटच्या लढतीत बिली कॉन गुणांवर पुढे असताना लुईने तेराव्या फेरीत त्याला आडवा केला. शिवाय कार्नेरा, मॅक्स बेअर, शार्की, ब्रॅडॉक, श्मेलिंग आणि वॉलकॉट हे सहाही जण कधी ना कधी जगज्जेते होते आणि सहाही जणांना लुईने हरवले आहे. ही यादी दुबळ्यांची म्हणता येईल काय?

दुसरा आक्षेप पराभवांचा. व्यावसायिक कारकिर्दीत लुईने ६६ लढती जिंकल्या आणि तीन हरल्या. या तीन पराभवांच्या तारखा पाहणे जरुरीचे आहे. पहिला पराभव १९ जून १९३६ चा. जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत बाद केले. लुई तेव्हा २२ वर्षांचा होता आणि अजून जगज्जेता झाला नव्हता. हिटलरच्या राजवटीने हा विजय आपल्या वंशश्रेष्ठत्वाचा पुरावा म्हणून मिरवला. २२ जून १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर, ७० हजारांच्या गर्दीसमोर, लुईने श्मेलिंगला पहिल्याच फेरीत १२४ सेकंदांत संपवले. श्मेलिंग स्वतः नाझी पक्षाचा सदस्य नव्हता आणि पुढे दोघांची दोस्ती झाली, हेही सांगितले पाहिजे.

उरलेले दोन पराभव १९५० आणि १९५१ चे. त्यामागे कराची थकबाकी आहे. महायुद्धाच्या वेळी, १९४२ साली, लुईने दोन लढतींचे मानधन नौदलाच्या आणि लष्कराच्या मदतनिधीला दिले आणि स्वतः सैन्यात भरती झाला. त्या सैन्यातही गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या होत्या. युद्ध संपले तेव्हा करखात्याचे देणे डोक्यावर होते. व्याज आणि दंड मिळून ते पुढे दहा लाख डॉलरवर गेले. ते फेडण्यासाठी निवृत्त योद्ध्याला पुन्हा हातमोजे चढवावे लागले. छत्तिसाव्या वर्षी एझार्ड चार्ल्सने त्याला गुणांवर हरवले आणि सदतिसाव्या वर्षी मार्सियानोने आठव्या फेरीत पाडले. हे दोन पराभव त्याच्या ऐन उमेदीच्या खात्यावर टाकणे अन्यायाचे होईल.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. स्वतः कृष्णवर्णीय असून जगज्जेता लुईने कृष्णवर्णीय योद्ध्यांना फार कमी संधी दिली. १९३९ साली जॉन हेन्री लुईस आणि पुढे जर्सी जो वॉलकॉट, एवढीच नावे सांगता येतात. डिसेंबर १९४७ मध्ये वॉलकॉटने लुईला दोनदा खाली पाडले होते. पंचांनी लुईच्या बाजूने दिलेला निकाल अनेकांना पटला नाही. लुईने सात महिन्यांच्या आत त्याच्याशी पुन्हा लढून त्याला अकराव्या फेरीत बाद केले. तरीही या मुद्द्यावर लुईचे काही गुण कापलेच पाहिजेत.

आजच्या अवाढव्य योद्ध्यांपुढे सुमारे ९० किलोचा लुई टिकला असता का, असेही विचारतात. बडी बेअर हा साडेसहा फूट उंच आणि लुईपेक्षा बराच वजनदार होता. १९४२ साली लुईने त्याला पहिल्याच फेरीत गारद केले. जवळून दिलेले आखूड ठोसे, एकामागोमाग आणि नेमके, ही त्याची विद्या होती. ‘द रिंग’ या मासिकाने २००३ साली सर्वांत प्रभावी ठोसेबाजांची यादी केली, तेव्हा पहिले नाव लुईचेच होते.

मग क्रमांक कोणता? माझ्या मते पहिला अली आणि दुसरा लुई. अलीने लिस्टन, फ्रेझर आणि फोरमन या तिघांना हरवले. एवढे भारी तीन योद्धे लुईच्या वाट्याला आले नाहीत. शिवाय १९६७ ते १९७० ही साडेतीन वर्षे अलीकडून हिरावली गेली होती. पण वर्षानुवर्षे टिकून राहण्याचा आणि पराभवाची भरपाई करण्याचा निकष लावला, तर लुईच्या वर कोणाचेही नाव लिहिता येत नाही. टायसन विसाव्या वर्षी जगज्जेता झाला, पण तो किताब त्याला चार वर्षेही टिकवता आला नाही. लुई अलीसारखा बोलका नव्हता म्हणून त्याला मवाळ ठरवणारेही आहेत. त्यांनी त्या २२ वर्षांच्या बंद दाराची आठवण ठेवावी.

लुईचे शेवटचे दिवस लास व्हेगासच्या एका जुगारगृहात पाहुण्यांचे स्वागत करण्यात गेले. १२ एप्रिल १९८१ रोजी त्याचे निधन झाले. अंत्यविधीच्या खर्चाला श्मेलिंगने हातभार लावला आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्याला जागा मिळाली. ज्याच्या मुठीने लाखो डॉलर कमावले, त्याच्याकडे त्या पैशाचा चोख हिशेब ठेवणारे विश्वासाचे माणूस नव्हते. आपली मुले आज कुस्ती, कबड्डी आणि मुष्टियुद्धात पुढे येत आहेत. त्यांच्या आईवडिलांनी सरावाकडे जेवढे लक्ष द्यावे तेवढेच बँकेच्या पासबुकाकडे आणि सही करायच्या कागदाकडेही द्यावे. आणि व्यायामशाळेच्या भिंतीवर अलीच्या शेजारी एक जागा रिकामी असेल, तर तिथे जो लुईची तसबीर लावावी.