जोवर हातचा येत नाही

१२३४५६७८९८७६५४३२१. एकापासून नऊपर्यंत चढत जायचं आणि त्याच पायऱ्यांनी खाली यायचं. सतरा अंकांची ही संख्या. एकं, दहं, शतं म्हणत गेलात तर परार्धाच्या एकच घर अलीकडे, ‘मध्य’ या स्थानापर्यंत पोचते. तिचं वर्गमूळ तर तिच्याहून देखणं : १११११११११. नुसते नऊ एक.

असं का होतं, ते कागदावर गुणाकार मांडला की दिसतं. नऊ ओळी, प्रत्येकीत तेच नऊ एक, आणि दर ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजव्या टोकाच्या रकान्यात एकच एक येतो, पुढच्यात दोन, मग तीन. मधल्या रकान्यात नऊच्या नऊ ओळी भेटतात आणि तिथून पुढे एकेक ओळ गळत जाते. कुठल्याही रकान्याची बेरीज नवाच्या पुढे जात नाही, म्हणून हातचा येत नाही. मांडलेले सगळेच्या सगळे ८१ एक उत्तरात शाबूत राहतात. उत्तरातल्या अंकांची बेरीज करून पाहा, ८१च भरते!

देवळालीच्या शाळेत गणित शिकवणारे द. रा. कापरेकर अशा संख्यांच्या प्रेमातच होते. या कुळातल्या संख्यांना त्यांनी ‘डेमलो’ म्हटलं. त्यांची कल्पना जिथे सुचली, त्या रेल्वे स्टेशनचं हे नाव, आजचं डोंबिवली. आपल्याच अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो, तिला त्यांनी ‘हर्षद’ हे नाव दिलं. आपली संख्या हर्षदही आहे : ८१ने भागली की भागाकार बरोबर १५२४१५७८९९७१०४१ येतो, आणि तोही पूर्ण वर्ग, १२३४५६७९चा.

या १२३४५६७९मध्ये आठ नाही. त्याला नऊने गुणलं की मिळतात तेच नऊ एक. हा आठ जातो कुठे?

उत्तर सापडतं दहावा एक जोडल्यावर. ११११११११११चा वर्ग करताना मधल्या रकान्यात प्रथमच दहा येतात. तिथे शून्य, हातचा एक. शेजारच्या नवाचे त्यामुळे दहा होतात, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. तो आठाला मिळतो आणि आठाचा नऊ होतो. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडच्या चढणीवरचा आठ नाहीसा. एकाला ८१ने भागलं तर दशांशचिन्हापुढे ०१२३४५६७९ पुन्हापुन्हा येत राहतं, तिथेही आठाला गिळणारा हातचा हाच. मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतं ते हे.

प्रत्येक हातचा दहा एकांच्या जागी एक ठेवतो, म्हणजे अंकांच्या बेरजेतून नऊ कमी करतो. इथे हातचे दोनदा आले, म्हणून १०० एकांपैकी बेरजेत उरले ८२. आणि एकात संपणाऱ्या विषम संख्येला ८२ने निःशेष भाग जाणं शक्यच नाही. एका जादा एकाने शिखर मोडलं, आणि हर्षदपणही गेलं.