नळाचे पाणी, शास्त्रज्ञ आणि बातमीदार

पाणी डोळ्यांना निर्मळ दिसले म्हणजे ते पिण्यास योग्य असतेच असे नाही. शिसे हा धातू पाण्यात उतरला, तर त्याचा रंग दिसत नाही, वास येत नाही आणि चवही कळत नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस मात्र त्याने कायमचा अपाय होऊ शकतो. तो ओळखण्यास शास्त्रज्ञाचे उपकरण लागते. आणि उपकरणाने दाखविलेला आकडा लोकांपुढे आणण्यास बातमीदार लागतो. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील फ्लिंट या शहराचा अनुभव याची साक्ष देतो.

फ्लिंट शहर पूर्वी डेट्रॉइटकडून ह्यूरॉन सरोवराचे शुद्ध केलेले पाणी विकत घेत असे. खर्च वाचविण्यासाठी एप्रिल २०१४ पासून फ्लिंट नदीचे पाणी देण्यास प्रारंभ झाला. हे पाणी नळांना अधिक गंज आणणारे होते. अशा पाण्यात योग्य प्रमाणात फॉस्फेट मिसळले, तर नळाच्या आतून संरक्षक थर टिकून राहतो. ही खबरदारी घेण्यात आली नाही. जुन्या नळांतील शिसे पाण्यात उतरू लागले. ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सच्या तेथील कारखान्याने यंत्रांचे भाग गंजतात म्हणून ते पाणी घेणे थांबविले. घरोघरी मात्र तेच पाणी येत राहिले.

केंद्र सरकारच्या पर्यावरण संरक्षण संस्थेतील तज्ज्ञ मिगेल डेल टोरल यांनी जून २०१५ मध्ये या धोक्याचे टिपण वरिष्ठांना लिहिले. कर्ट गायेट या बातमीदाराने जुलैमध्ये ते उजेडात आणले. राज्याच्या अधिकाऱ्यांनी मात्र चिंतेचे कारण नाही असे सांगितले.

अधिकाऱ्यांपाशीही आकडे होते; पण ते कसे मिळाले हा खरा प्रश्न होता. नमुना घेण्यापूर्वी नळ काही वेळ मोकळा सोडावा, अशी सूचना नागरिकांना दिलेली होती. तसे केल्याने नळीत साठलेले शिसे आधीच वाहून जाते. शिवाय गोळा झालेल्या ७१ नमुन्यांतून दोन वगळण्यात आले. त्यामुळे शहराचा आकडा कायद्याच्या मर्यादेखाली, म्हणजे अब्ज भागांत १५ भागांच्या खाली, आला.

तेव्हा व्हर्जिनिया टेक विद्यापीठातील प्राध्यापक मार्क एडवर्ड्स यांचे विद्यार्थी, गायेट आणि शहरातील नागरिक यांनी एकत्र येऊन काम अंगावर घेतले. नमुने घेण्याचे सुमारे ३०० संच घरोघरी वाटण्यात आले. रात्रभर नळीत थांबलेले पाणी सकाळी प्रथम कसे भरावे, हे लोकांना समजावून देण्यात आले. अडीचशेहून अधिक नमुने परत आले आणि प्रयोगशाळेत पाण्यातील शिशाचे गंभीर प्रमाण स्पष्ट झाले.

सप्टेंबर २०१५ मध्ये बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हन्ना-अटिशा यांनी दुसरा पुरावा मांडला. पाणी बदलल्यानंतर रक्तात शिसे अधिक असलेल्या लहान मुलांचे प्रमाण २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेले होते. राज्याने प्रथम हा निष्कर्ष नाकारला. त्यावर ‘डेट्रॉइट फ्री प्रेस’ या दैनिकाने राज्याच्याच नोंदी स्वतः तपासल्या आणि त्यांतूनही तेच सत्य निघाले, असे छापले. अखेर १६ ऑक्टोबर २०१५ रोजी शहराने पुन्हा डेट्रॉइटचे पाणी घेतले. दीड वर्षाच्या काळात जी बालके ते पाणी प्यायली, त्यांचे नुकसान मात्र भरून येण्यासारखे नव्हते.

या सहकार्यात कोणीही दुसऱ्याचे काम बळकावले नाही. शास्त्रज्ञाने मोजले तेवढेच सांगितले. बातमीदाराने सरकारचा शब्द जसाच्या तसा घेतला नाही, आणि डॉक्टरांचाही केवळ विश्वासावर घेतला नाही. मूळ नोंदी मागितल्या व पडताळल्या. नागरिकांनी आपल्या घरचे पाणी काळजीपूर्वक भरून दिले. यांपैकी एक जरी मागे सरता, तरी सत्य नळीतच राहिले असते.

पाणी सुरक्षित आहे अशी बातमी वाचनात आली, तर वाचकानेही हेच विचारावे: नमुना कोणी घेतला, किती घरांतून घेतला, केव्हा आणि कोणत्या रीतीने घेतला, आणि कोणते नमुने मोजणीतून वगळले? ज्या बातमीत याची उत्तरे सापडतात, तिच्यावर विश्वास ठेवून ग्लास ओठांशी नेण्यास हरकत नाही.