ब्रेकची चकती : कधी बदलावी, कोणती निवडावी?

मोटार घ्यावयाची ठरली की घरात पुष्कळ चर्चा होते. किंमत, कर्जाचा मासिक हप्ता, विमा, इंधनाचा खर्च असे सारे कागदावर मांडले जाते. त्या धावत्या मोटारीला थांबविणाऱ्या भागाची आठवण मात्र बहुधा फार उशिरा, म्हणजे ब्रेक करकरू लागल्यावर किंवा ‘डिस्क गेल्या, बदलाव्या लागतील’ असे गॅरेजमध्ये ऐकावे लागल्यावरच होते. अशा वेळी वाहनधारकापुढे दोन धोके असतात. अजून चांगली असलेली डिस्क बदलून पैसे वाया घालविणे हा पहिला, आणि आयुष्य संपलेली डिस्क काटकसरीपायी तशीच चालू ठेवणे हा दुसरा. या दोहोंतून योग्य मार्ग दाखविणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे डिस्कची मोजलेली जाडी.

चकतीचे काम

डिस्क किंवा रोटर म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची चकती होय. ब्रेकचे पेडल दाबले की कॅलिपरमधील दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात आणि घर्षणामुळे चाकाची गती मंदावते. अशा ब्रेकचे पेटंट इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली घेतले होते. परंतु त्याची खरी ख्याती झाली ती १९५३ साली, फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक बसविलेल्या जॅग्वार मोटारीने जिंकली तेव्हा. पुढे हे ब्रेक सामान्यांच्या मोटारींतही आले. भारतातील अनेक लहान मोटारींत पुढील चाकांना डिस्क व मागील चाकांना ड्रम अशी योजना असते, कारण ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे झुकतो आणि थांबविण्याच्या कामाचा मोठा वाटा पुढील चाकांवर पडतो.

गती नाहीशी होते म्हणजे तिचे उष्णतेत रूपांतर होते. माणसांसह १,२०० किलो वजनाची मोटार ताशी ८० कि.मी. वेगावरून थांबविली, तर निर्माण होणारी उष्णता एक लिटर पाणी उकळीपर्यंत आणण्यास पुरेल एवढी असते. वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. घाटाचा हिशोब तर याहून मोठा आहे. खंडाळ्याहून खोपोलीकडे येताना मोटार सुमारे ५०० मीटर खाली उतरते. या उतरणीत मोकळी होणारी ऊर्जा सुमारे २० लिटर, म्हणजे बादलीभर पाणी उकळीस आणू शकेल. तिचा काही भाग हवेचा रोध आणि इंजिन शोषून घेतात. उरलेला सारा भार ब्रेकवर येतो. ही उष्णता साठवून ठेवणे आणि वाऱ्यावर सोडून देणे हेच चकतीचे खरे काम होय. म्हणूनच तिच्या जाडीला एवढे महत्त्व आहे. बीड जितके कमी, तितकी चकती लवकर तापते आणि तिला तडे जाण्याची भीती वाढते. पॅडची पकड सैल पडते आणि ब्रेक ऑईलही उकळण्याचा संभव निर्माण होतो. ऑईल उकळले की नळीत वाफ धरते व पेडल पायाखाली पोकळ लागते. घाटातील वळणावर याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगावयास नको.

निदान नजरेने नव्हे, मापाने

वापराने पॅडप्रमाणेच चकतीही झिजते. तिला किती झिजू द्यावयाचे याची मर्यादा उत्पादक ठरवितो. हा किमान जाडीचा आकडा पुष्कळदा चकतीच्या कडेवर अथवा मधल्या फुगीर भागावर कोरलेला असतो, आणि सर्व्हिसच्या माहितीपुस्तकातही तो मिळतो. उदाहरणार्थ, नवी असताना २२ मि.मी. जाड असलेल्या चकतीची मर्यादा २० मि.मी. असू शकते. म्हणजे झिजण्यासाठी केवळ २ मि.मी. उपलब्ध असतात, आणि हा फरक डोळ्यांना कळत नाही.

मोजमाप मायक्रोमीटरने, कडेपासून थोडे आत, चकतीवर निरनिराळ्या सहा ते आठ ठिकाणी घ्यावे व त्यांतील सर्वांत लहान आकडा खरा मानावा. पॅड न पोहोचणाऱ्या कडेवर एक उंचवटा तयार होतो. साधी व्हर्नियर पट्टी त्या उंचवट्यावर टेकली तर जाडी आहे त्याहून अधिक दिसते. मापन मर्यादेच्या जेमतेम वर असेल आणि नवे पॅड बसवावयाचे असतील, तर चकतीही तेव्हाच बदलणे शहाणपणाचे ठरते. अन्यथा पॅड संपण्यापूर्वीच चकतीची मर्यादा संपते.

प्रत्येक खूण धोक्याची नसते. पावसात रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या चकतीवर तांबूस गंज दिसतो. तो दोन-चार ब्रेकमध्ये पुसला जातो. बारीक रेषाही स्वाभाविक आहेत. परंतु खोल चर, कडेपर्यंत गेलेला तडा किंवा खड्डे पाडणारा गंज आढळल्यास जाडी पुरेशी असूनही चकती बदलावी. विजेवर चालणाऱ्या मोटारींत वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटरच करते. त्यामुळे तेथे झिजेपेक्षा गंजाकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

ब्रेक लावताना पेडल किंवा स्टिअरिंग थरथरते तेव्हा ‘डिस्क वाकली’ असे म्हणण्याची रीत आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा चकतीची जाडी सर्वत्र सारखी राहिलेली नसते, किंवा तापलेल्या पॅडचा थर तिच्यावर ठिकठिकाणी चिकटलेला असतो. चाकाच्या हबवरील गंजामुळे चकती किंचित तिरकी बसली तरी हाच परिणाम काही काळाने दिसतो. म्हणून बदलण्यापूर्वी डायल गेज लावून चकतीचे डगमगणे तपासून घ्यावे. लेथवर चकती घासून सपाट करता येते, मात्र घासल्यानंतरची जाडी किमान मर्यादेहून अधिक राहत असेल तरच.

निवड कशी करावी

बाजारात चकत्यांचे अनेक प्रकार आहेत. भरीव चकती साधी व स्वस्त असून हलक्या मोटारींत किंवा मागील चाकांना वापरतात. हवेशीर चकतीत दोन थरांच्या मध्ये पोकळी व पाती असतात. त्यांतून हवा खेळते आणि चकती लवकर निवते. मूळ चकती हवेशीर असेल तर तिच्या जागी भरीव चकती कधीही बसवू नये. भोके पाडलेल्या किंवा खाचा असलेल्या चकत्या देखण्या दिसतात. परंतु भोकांपाशी तडे जाण्याचा संभव असतो, तर खाचांमुळे पॅड अधिक झिजतात व आवाजही वाढतो. कार्बन-सिरॅमिकच्या चकत्या अतिवेगवान व अतिमहागड्या मोटारींसाठी असतात. रोजच्या कौटुंबिक वापरासाठी उत्पादकाने सांगितलेल्या मापाची साधी, चांगल्या प्रतीची चकतीच सर्वोत्तम होय. समुद्रकिनारी राहणाऱ्यांनी गंजरोधक लेप दिलेली चकती घ्यावी. पॅड टेकतात तेथील लेप निघून जातो, पण कडा व मधला भाग सुरक्षित राहतो.

एकाच नावाच्या मोटारीच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत चकतीचा व्यास, जाडी आणि उंची वेगवेगळी असू शकते. म्हणून सुटा भाग मागताना चासी क्रमांक द्यावा. वाहन कंपनीच्या वेष्टनातील भागाप्रमाणेच नामांकित उत्पादकाचा भागही चालतो. मात्र त्यावर उत्पादकाचे नाव, भाग क्रमांक व किमान जाडी स्पष्ट असावी. बदली पॅडप्रमाणेच बदली चकत्यांसाठीही संयुक्त राष्ट्रांची नियमावली क्रमांक ९० आहे. तिची मान्यता असलेल्या भागावर वर्तुळातील ‘ई’ हे अक्षर आढळते. नाव नसलेली, बिलाशिवाय मिळणारी स्वस्त चकती टाळावी. पक्के बिल असल्यावाचून पुढे दाद मागणे कठीण होते.

बसविताना घ्यावयाची काळजी

१. चकत्या एकाच आसाच्या दोन्ही चाकांना एकदम बदलाव्यात. अन्यथा ब्रेक लावताना गाडी एका बाजूस ओढली जाण्याची शक्यता असते.

२. नव्या चकतीबरोबर पॅडही नवेच घ्यावेत. जुन्या पॅडचा पृष्ठभाग जुन्या चकतीच्या चरांप्रमाणे घडलेला असतो.

३. हबवरील गंज पूर्णपणे साफ करावा आणि नव्या चकतीवरील संरक्षक तेल ब्रेक क्लीनरने पुसून काढावे.

४. कॅलिपरच्या सरकत्या पिना मोकळ्या आहेत ना, हे पाहावे. पिन अडकलेली असल्यास एकच पॅड घासत राहतो आणि नवी चकतीही लवकर खराब होते.

५. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने, पुस्तकात दिलेल्या मापानुसार आवळावेत.

६. पहिले २०० ते ३०० कि.मी. अत्यावश्यक प्रसंग वगळता जोराचा ब्रेक टाळावा, म्हणजे पॅड व चकती एकमेकांशी नीट जुळतात.

यानंतर चकतीचे आयुष्य बरेचसे चालविणाऱ्याच्या पायावर अवलंबून असते. घाट उतरताना खालचा गिअर ठेवावा, पेडलवर सतत पाय टेकवून ठेवू नये, आणि ब्रेक ऑईल उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदलावे. हे ऑईल हवेतील ओलावा शोषते व त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. चौथ्या श्रेणीच्या, म्हणजे डॉट ४ ऑईलसाठी नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअस ही अट आहे, तर ओलावा धरलेल्या ऑईलसाठी ती १५५ अंशांपर्यंत खाली येते.

वापरामुळे होणारी झीज मोटार विम्यात भरून मिळत नाही. तेव्हा कर्जाच्या हप्त्याबरोबरच देखभालीसाठीही दरमहा थोडी रक्कम बाजूला ठेवणे हिताचे. पुढील सर्व्हिसच्या वेळी प्रत्येक वाहनधारकाने कारागिराला दोनच प्रश्न विचारावेत : चकतीची जाडी आज किती आहे, आणि किमान किती हवी? हे दोन आकडे सर्व्हिसच्या कागदावर लिहून घेतले, की डिस्क बदलावयाची की नाही हे ठरविण्यासाठी कोणाच्या शब्दावर विसंबून राहावे लागत नाही.