गिअरबॉक्स बदलला, पण क्लचचे काय?

इचलकरंजीत ‘क्लच’ हा शब्द मोटारींपुरता मर्यादित नाही. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी या गावात पहिला यंत्रमाग आणला, आणि पुढे ज्या मागांच्या खडखडाटावर हे शहर उभे राहिले त्यांतील अनेक साध्या मागांनाही क्लच असतोच. मोटार फिरत असते, कामगार दांडा ओढतो, क्लच पकडतो आणि माग चालू होतो. मात्र या क्लचची आणि वाहनाच्या क्लचची अपेक्षा एकमेकींच्या अगदी विरुद्ध आहे. माग पहिल्याच फेऱ्यात पूर्ण वेगाला यावा लागतो. क्लच हळूहळू पकडू लागला, तर फणीचा पहिला ठोका दुबळा बसतो आणि कापडावर आडवी रेघ उमटते. म्हणून मागाचा क्लच जितका चटकन आणि घट्ट पकडेल तितका जॉबर खूष. वाहनाचा क्लच मात्र क्षणभर घसरावा लागतो. तो घसरतो म्हणूनच गाडी धक्का न खाता हलते.

हा फरक सांगण्याचे कारण असे, की वाहनाचा गिअरबॉक्स बदलून घेणारे पुष्कळ लोक क्लच निवडताना मागाचा न्याय गाडीला लावतात. मोठा गिअरबॉक्स घातला, तेव्हा क्लचही ‘जोरदार’ हवा, असा साधा हिशेब केला जातो. पैसे खर्च होतात, पाय दुखू लागतो, आणि सहा महिन्यांनी गिअरबॉक्सचाच एखादा दाता तुटून हातात येतो.

गिअरबॉक्स बदलण्याची हौस किंवा गरज कोल्हापूर, सांगली भागात नवी नाही. एकेकाळी येथील वडाप वाहतूक जीप आणि ट्रॅक्स यांच्या जिवावर चालत असे. त्या गाड्या थकल्यावर काही शेतमळ्यांत गेल्या, काही हौशी मंडळींच्या अंगणात नव्याने रंगून उभ्या राहिल्या. जुन्या महिंद्र सीजे-३बी जीपमधील टी-९० हा गिअरबॉक्स तीनच गिअरचा असून त्याच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. गाडी पुरती थांबल्याशिवाय, किंवा दोनदा क्लच दाबण्याची जुनी हातोटी साधल्याशिवाय तो गिअर सुखासुखी पडत नाही. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडत राहते ते वेगळेच. त्यामुळे महिंद्रच्याच नंतरच्या गाड्यांतील चार गिअरचा केएमटी-९० किंवा त्याहून अलीकडचा पाच गिअरचा बॉक्स बसवावा असे मालकाला वाटले, तर त्यात गैर काही नाही. बॉक्स भंगार बाजारात मिळतो, जोडपट्टी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर तयार होते. अडचण सुरू होते ती या दोन लोखंडांच्या मध्ये बसणाऱ्या क्लचपाशी.

क्लच किती जोर पेलेल, हे चार गोष्टींवर ठरते. प्रेशर प्लेटची स्प्रिंग प्लेटला किती बळाने दाबते, अस्तराचे घर्षण किती, अस्तराची सरासरी त्रिज्या किती, आणि घासणारे पृष्ठभाग किती. साध्या एकप्लेटी क्लचला असे पृष्ठभाग दोन असतात. या चार आकड्यांचा गुणाकार म्हणजे क्लचची क्षमता. समजा, स्प्रिंगचा दाब ४००० न्यूटन, म्हणजे सुमारे चारशे किलो आहे. घर्षणाचा गुणांक ०.३ आणि सरासरी त्रिज्या ९० मिलिमीटर धरली, तर गुणाकार २१६ न्यूटन-मीटर येतो. जुन्या पेट्रोल जीपच्या इंजिनाचा कमाल जोर साधारण १५० न्यूटन-मीटरच्या घरात असतो. इंजिनाच्या जोराच्या सव्वा ते दीडपट क्षमता ही साध्या वापराच्या गाडीला पुरेशी मानतात. म्हणजे या उदाहरणातील साधा क्लचही पुरून उरतो. गिअरबॉक्स बदलल्याने इंजिनाचा जोर वाढत नाही, ही गोष्ट या व्यवहारात सर्वांत आधी विसरली जाते.

इंजिनही बदलले असेल, तर हिशेब पुन्हा मांडावा. क्षमता वाढवण्याचे तीन मार्ग आहेत आणि प्रत्येकाची वेगळी किंमत आहे. स्प्रिंग पंचवीस टक्के कडक केली, तर क्षमता पंचवीस टक्क्यांनी वाढते, पण पायावरचा भारही तेवढाच वाढतो. इचलकरंजीच्या मुख्य रस्त्यावर कापडाचे टेम्पो आणि ऊस वाहणारे ट्रॅक्टर यांच्या मागे अर्धा तास क्लच दाबत सरकणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शिवाय तो भार नुसता पायावर नसतो. क्लच दाबलेला असताना क्रँकशाफ्टही तेवढ्याच बळाने पुढे ढकलला जातो आणि त्याची थ्रस्ट वॉशर झिजते.

दुसरा मार्ग अस्तर बदलण्याचा. धातुमिश्रित सिरॅमिक चकत्यांच्या प्लेटचे घर्षण साध्या सेंद्रिय अस्तरापेक्षा जास्त असते आणि ती उष्णताही अधिक सोसते. ती पकडते मात्र एकदम. हाफ क्लचवर गाडी सरकवणे तिला मानवत नाही. गाडी थरथरते, फ्लायव्हीलला चरे पडतात. शर्यतीत किंवा जड ट्रॅक्टरवर तिला जागा आहे. बाजारहाट करणाऱ्या आणि सुटीत आंबा घाट उतरणाऱ्या जीपमध्ये तिचे काम नाही.

तिसरा मार्ग म्हणजे प्लेटचा व्यास वाढवणे. साडेआठ इंची प्लेटच्या जागी साडेनऊ इंची बसली, तर सरासरी त्रिज्या वाढून तोच क्लच सुमारे २४० न्यूटन-मीटरपर्यंत जातो. पायावरचा भार वाढत नाही आणि अस्तराला उष्णता पसरवायला जागाही मिळते. फ्लायव्हीलवर जागा असेल आणि बोल्टची नवी भोके नीट समतोल राखून पाडता येत असतील, तर तिन्हींत हाच मार्ग शहाणपणाचा होय. भोके पाडल्यावर फ्लायव्हील बॅलन्स करून घेण्यात कुचराई केली, तर ती थरथर पुढे बेअरिंगांपर्यंत पोहोचते.

आता प्लेटच्या निवडीकडे. या प्लेटला दोन धनी असतात. तिचा बाहेरचा घेर इंजिनाच्या फ्लायव्हीलशी जुळावा लागतो आणि मधली खाचेदार नळी गिअरबॉक्सच्या शाफ्टशी. मूळ गाडीत हे दोघे एकाच कारखान्याचे असतात. बदललेल्या गाडीत ते परके असतात. त्यामुळे शाफ्टचा व्यास, खाचांची संख्या आणि लांबी मोजून, कोणत्या गाडीची प्लेट दोघांनाही चालेल ते शोधावे लागते. न मिळाल्यास एका प्लेटची मधली नळी दुसरीत बसवून घेतात. ते काम रिव्हेट मारणाऱ्या जाणत्या कारागिराचे आहे, वेल्डिंगवाल्याचे नव्हे. डिझेल इंजिन असेल, तर प्लेटच्या मध्यभागी धक्के शोषणाऱ्या लहान स्प्रिंगा असलेलीच प्लेट घ्यावी. डिझेलचा प्रत्येक ठोका जोराचा असतो. तो शोषला गेला नाही, की गिअरबॉक्स रिकामा असतानाही खडखडू लागतो.

शाफ्टचे टोक क्रँकमध्ये ज्या छोट्या पायलट बेअरिंगवर टेकते, त्याची किंमत साऱ्या जुळणीत बहुधा सर्वांत कमी. परंतु नव्या शाफ्टचे टोक त्यात पोहोचते की नाही, सैल बसते की घट्ट, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. तसेच जोडपट्टी आणि बेल हाऊसिंग क्रँकच्या मध्याशी एककेंद्री आहेत का, हे डायल गेज लावून तपासावे. इंचाचे पाच हजारांश, म्हणजे सुमारे ०.१३ मिलिमीटर एवढाच फरक यात चालतो. त्याहून जास्त फरक डोळ्यांना दिसत नाही, पण प्लेटची नळी आणि शाफ्टचे बेअरिंग यांना तो पहिल्या दिवसापासून जाणवतो.

क्लचची आयुर्मर्यादा ठरवणारी आणखी एक बाब गिअरबॉक्सच्या दात्यांतच दडलेली असते. गाडी जागेवरून हलताना क्लच घसरतो आणि गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते, साधारण तेवढीच उष्णता क्लचमध्ये निर्माण होते. पहिला गिअर जितका ‘लांब’, तितक्या जास्त वेगापर्यंत हे घसरणे चालू राहते, आणि उष्णता त्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पहिल्या गिअरचे गुणोत्तर चारऐवजी ३.२ असलेला बॉक्स घेतला, तर तो वेग सव्वापट होतो आणि प्रत्येक वेळी गाडी उचलताना क्लच दीडपटीहून अधिक तापतो. गगनबावड्याच्या चढावर भरलेली गाडी दोनदा थांबली, तर जळका वास यायला तेवढे पुरते. मोटारीचा देखणा पाचगिअरी बॉक्स जीपमध्ये बसवणाऱ्यांनी गिअरची संख्या मोजण्याआधी पहिल्या गिअरचे गुणोत्तर पाहावे ते याचसाठी.

क्लच चांगला असूनही गिअर खरखरत पडत असतील, तर दोष बहुधा तो सोडवणाऱ्या यंत्रणेत असतो. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचमध्ये पायाजवळचा मास्टर सिलिंडर आणि गिअरबॉक्सजवळचा स्लेव्ह सिलिंडर यांच्या व्यासांचे गणित जमावे लागते. मास्टर १६ मिलिमीटरचा आणि स्लेव्ह १९ मिलिमीटरचा असेल, तर मास्टर १० मिलिमीटर हलल्यावर स्लेव्ह सुमारे ७ मिलिमीटर सरकतो. पेडल हलके व्हावे म्हणून स्लेव्ह २२ मिलिमीटरचा बसवला, की तेच सरकणे जेमतेम सव्वापाच मिलिमीटरवर येते. पेडल खरोखरच लोण्यासारखे होते, पण क्लच पूर्ण सुटत नाही, आणि शाफ्ट फिरत असतानाच गिअर टाकण्याचा प्रयत्न होतो. याचा दोष मग गिअरबॉक्सला दिला जातो. बळ वाढले की अंतर घटणारच.

गिअरच्या दांड्यालाही हाच नियम लागू पडतो. हालचाल आखूड व्हावी म्हणून लहान दांडा किंवा बदललेला टेकू बसवण्याची फॅशन तरुणांत आहे. टेकूच्या वर ३०० आणि खाली ६० मिलिमीटर असा दांडा असेल, तर प्रमाण पाचास एक. आतला फोर्क २० मिलिमीटर सरकवण्यासाठी मूठ १०० मिलिमीटर हलवावी लागते. वरची बाजू २४० आणि खालची ७५ केली, तर मूठ ६४ मिलिमीटरच हलते, मात्र हाताला दीडपटीहून अधिक जोर लावावा लागतो. गिअरबॉक्सच्या आत काहीही बदललेले नसते. सिंक्रोमेशची पितळी कडी दोन दात्यांचे वेग जुळवायला जो क्षण घेते, तो तेवढाच राहतो. दांडा घाईने ओढणारा हात तिला तो क्षण देत नाही, आणि कडी लवकर झिजते. दांडा लोळतो, गिअर सापडत नाही अशी तक्रार असेल, तर आधी खालचे नायलॉनचे बुश, टेकूची वाटी आणि केबलची टोके बदलून पाहावीत. निम्म्याहून अधिक तक्रारी तेवढ्याने मिटाव्यात.

बदललेल्या बॉक्समध्ये दांड्याची जागाही बदलते. तो सीटला किंवा हँडब्रेकला अडतो, म्हणून वाकवून घेतात. वाकवण्यास हरकत नाही, पण सर्व गिअरमध्ये, रिव्हर्ससह, दांडा जमिनीच्या पत्र्याला कुठेही टेकता कामा नये. तो टेकला, तर खड्ड्यात गिअर आपोआप सुटतो. घाट उतरताना असे घडले, तर इंजिनाचा रोध नाहीसा होऊन सारा भार ब्रेकवर येतो. गाडी बनवून घेणाऱ्याने मिस्त्रीला विचारायच्या प्रश्नांत हा पहिला असावा.

आपोआप गिअर बदलणाऱ्या एएमटी गाड्या २०१४ पासून मारुती सेलेरिओच्या रूपाने सर्वसामान्यांच्या आवाक्यात आल्या. त्यांतील गिअरबॉक्स मुळात हातानेच बदलण्याच्या जातीचा असतो, म्हणून तिला साधा क्लच बसवून घ्यावा असा विचार काहींच्या मनात येतो. तेथे पेडल, वायरिंग आणि इंजिनाचा संगणक असे सगळेच बदलावे लागते. तो खर्च पाहता गाडीच बदललेली बरी.

कायद्याचा मुद्दा राहतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा अर्थ ठामपणे मांडला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकास प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली आहे. झिजलेला क्लच किंवा बुश बदलणे ही दुरुस्ती होय. वेगळ्या जातीचा गिअरबॉक्स घालणे, त्यासाठी चासीचा आडवा पट्टा कापणे आणि सोबत इंजिन बदलणे या पायऱ्या तशा नाहीत. काम सुरू करण्याआधी परिवहन कार्यालयाकडे विचारणा करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. अपघातानंतर कळवण्याचा उपयोग होत नाही.

जुना क्लच उघडताना आतली भुकटी हवेच्या पाइपने उडवू नये. जुन्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसून घेणे हाच सुरक्षित मार्ग. नवा क्लच बसल्यावर दोन चाचण्या पुरतात. इंजिन मंद चालू ठेवून क्लच पूर्ण दाबावा, पाच सेकंद थांबून रिव्हर्स टाकावा. खरखर आली, तर क्लच सुटत नाही. मग मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये हळू चालवून एकदम अॅक्सिलरेटर दाबावा. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. दोन्हींत उत्तीर्ण झालेल्या गाडीचेही पहिले ५०० किलोमीटर ओझ्याविना, गावातल्या गावात काढावेत. तोवर अस्तर बसते.